पदवी एक वर्ष लांबवली की लॉ कॉलेज जवळ येतं का?

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी, म्हणजे आमच्या मालेगावात मागांना सुट्टी असते त्या दिवशी, आमची एक माजी विद्यार्थिनी घरी आली. सोबत तिचे अब्बा. दहावीपर्यंत ती आमच्याच उर्दू शाळेत होती, आता बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वकील व्हायचं तिने आठवीतच ठरवलंय. चहा होण्याआधीच तिने विषय काढला. "सर, मैं इस साल दो पेपर छोड़ दूं क्या? डिग्री एक साल आगे जाएगी, लेकिन परसेंटेज बढ़ जाएंगे, फिर अच्छा लॉ कॉलेज मिलेगा."

अब्बा गप्प बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की घरात यावरून बरीच चर्चा झालेली आहे. हा सल्ला आला कुठून, असं आम्ही विचारलं. तिच्या अम्मीचे एक चुलतभाऊ अमेरिकेत शिकागोला असतात. त्यांच्या मुलाने तिथे हेच केलं म्हणे. पदवी मुद्दाम लांबवली, जास्तीचे विषय घेतले, गुण वाढवले, आणि मग चांगल्या लॉ स्कूलला लागला. त्यातून मोबाइलवर कुठल्यातरी क्लासवाल्याचा व्हिडिओ बघितला, त्यानेही 'घाई करू नका, प्रोफाइल बनवा' असं सांगितलेलं.

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न आमच्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी आला आहे. कोणी म्हणतं चौथं वर्ष करून ऑनर्स घेऊ, कोणी म्हणतं बीए अर्धवट सोडून पाच वर्षांच्या लॉला जाऊ, कोणी म्हणतं एक वर्ष ड्रॉप घेऊन सीईटीची तयारी करू. नव्या शैक्षणिक धोरणाने पर्याय वाढवले, त्याबरोबर गोंधळही वाढला. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नव्या धोरणाप्रमाणे पहिली तुकडी बसली. ही मुलगी त्याच तुकडीतली. तिच्या आधी या रस्त्याने कोणी गेलेलंच नाही, त्यामुळे विचारायचं कोणाला हाही प्रश्न आहे. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहोत.

आधी शिकागोवाल्या मामूंचं. ते खोटं बोलत नाहीत. अमेरिकेत कायद्याचं शिक्षण पदवीनंतरच होतं, आणि तिथल्या लॉ स्कूलांचे अर्ज एका सामाईक संस्थेमार्फत जातात. ती संस्था विद्यार्थ्याच्या सगळ्या कॉलेजांच्या गुणपत्रिका एकत्र करून स्वतःची एक सरासरी काढते. त्या सरासरीत पहिली पदवी मिळेपर्यंतचेच गुण धरतात. पदवी एकदा हातात पडली की नंतर कितीही विषय शिका, कितीही चांगले गुण मिळवा, त्या आकड्यात ते येत नाहीत. आता लॉ स्कूलांना आपल्या प्रवेश घेतलेल्या मुलांची मधली सरासरी जाहीर करावी लागते, क्रमवारीही त्यावर ठरते, त्यामुळे तो आकडा त्यांच्यासाठी जिवाभावाचा. मग पहिल्या दोन वर्षांत ज्याचे गुण पडले तो मुलगा काय करणार? पदवी थांबवतो, आणखी एक-दोन सत्रं चांगल्या गुणांची जोडतो, सरासरी वर आणतो. दुसऱ्या मोठ्या विद्यापीठात बदली घ्यायची असेल तरी हेच. तिथली बहुतेक विद्यापीठं आधीच पदवीधर झालेल्याला बदलीने घेत नाहीत, म्हणून पदवी पूर्ण होण्याआधीच हालचाल करावी लागते. त्या देशात हा हिशेब बरोबर आहे.

आता तोच हिशेब नाशिक, पुणे, मुंबईत आणून मांडला की गडबड होते.

महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएलबीचा प्रवेश राज्य सीईटी सेलच्या परीक्षेवर होतो. गुणवत्ता यादी लागते ती सीईटीच्या गुणांवर. बीएचे टक्के तिथे फक्त दारावरच्या चौकीदारासारखे आहेत: आत सोडायचं की नाही एवढंच ते ठरवतात, आत गेल्यावर कुठे बसायचं ते ठरवत नाहीत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे खुल्या प्रवर्गाला पदवीत ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. त्याच्या वर तुमचे ५२ आहेत की ७२, याने यादीतला नंबर हलत नाही. दोघांचे सीईटीचे गुण सारखे आले तर पुढच्या निकषांत पदवीचे गुण कुठेतरी येतात, पण त्याच्यासाठी आयुष्यातलं वर्ष कोण देतं?

आमच्या या मुलीला पहिल्या दोन वर्षांत ५८ टक्क्यांच्या आसपास आहेत. म्हणजे चौकीदार तिला अडवणार नाही. दोन पेपर सोडून, वर्ष थांबून, ५८ चे ६४ झाले असते, तरी गुणवत्ता यादीला त्याची खबरही लागली नसती. हे सांगितल्यावर ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "तो फिर सब लोग ऐसा क्यूं बोलते?"

सगळे तसं बोलतात कारण आपल्याकडे टक्केवारीची धास्ती दहावीपासून बसलेली असते, आणि ती बसवणाऱ्यांत आम्ही मास्तर लोकही आहोत.

पेपर सोडण्याचा प्रत्यक्षात अर्थ काय होतो, तेही समजून घेतलं पाहिजे. अमेरिकेत विषय कमी-जास्त घेणं ही सोय आहे, विद्यार्थी तेव्हाही कॉलेजचा विद्यार्थीच असतो. आपल्याकडे शेवटच्या वर्षाचे दोन पेपर सोडले की गुणपत्रिकेवर त्याची नोंद एटीकेटीवाल्यासारखीच होते. पुढचं वर्षभर कुठल्याही हजेरीपटावर नाव नाही. बसचा पास नाही, ग्रंथालय नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज नाही. आणि मुलगी असेल तर घराबाहेर पडायचं कारणही नाही. या शेवटच्या गोष्टीकडे पुन्हा येऊ.

सीईटीत काय असतं? सध्याचा पेपर १२० प्रश्नांचा, दोन तासांचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कायद्याची समज, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी, तर्क, आणि इंग्रजी. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या पेपरात इंग्रजीचा वाटा मोठा. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांचं घोडं इथे अडतं. तर्कात ती मागे नसतात, चालू घडामोडी तर चहाच्या टपरीवर रोज चालतात. इंग्रजी उताऱ्यावर डोळे थबकतात. म्हणजे कमतरता बीएच्या टक्क्यांत नाहीच, ती इंग्रजी वाचण्याच्या वेगात आहे. आणि ते वाचन टीवायचं वर्ष चालू असतानाच, रोज तासभर, करता येतं. शेवटच्या वर्षाला बसलेल्या विद्यार्थ्याला सीईटी देता येते, प्रवेशाच्या वेळी निकाल हातात असला की झालं. त्यासाठी पदवी थांबवायची गरज नाही. एक प्रयत्न फुकट गेला असं समजून तरी द्यावा. परीक्षा कशी असते ते कळतं.

दिल्ली विद्यापीठाच्या लॉ फॅकल्टीचंही असंच, तिथे सीयूईटीच्या पदव्युत्तर परीक्षेवर प्रवेश आहे. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने २०२२ मध्ये तीन वर्षांचं एलएलबी सुरू केलं, त्याचीही स्वतंत्र प्रवेश परीक्षा. पदवीच्या गुणांवर चांगलं लॉ कॉलेज मिळण्याचे दिवस आपल्याकडे जवळपास गेले.

मग चौथं वर्ष? नव्या धोरणात तीन वर्षांनी साधी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येते. पहिल्या सहा सत्रांत साडेसात सीजीपीए असेल तर संशोधनासह ऑनर्स. चार वर्षं केल्यावर एमए एका वर्षाचं होतं, आणि ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीचाही रस्ता यूजीसीने उघडला आहे. प्राध्यापक व्हायचंय, संशोधन करायचंय, त्याने चौथं वर्ष जरूर करावं. आपल्या समाजातून पीएचडीकडे जाणारी मुलं थोडी आहेत आणि मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाल्यावर ती वाट आणखी अरुंद झाली, तेव्हा एक वर्ष वाचत असेल तर ते मोलाचं आहे.

पण वकिलीत चौथ्या वर्षाचा शून्य फायदा. एलएलबी तीन वर्षांचं ते तीन वर्षांचंच राहतं. तीन वर्षांचा पदवीधर आणि चार वर्षांचा ऑनर्सवाला, दोघे एकाच बाकावर पहिल्या वर्षाला बसतात. हे अनेक कॉलेजांत कोणी सांगत नाही. काही ठिकाणी तर उलट आग्रह होतो, कारण चौथ्या वर्षाचे वर्ग भरायला मुलं हवी असतात. आम्ही कोणा एका कॉलेजला दोष देत नाही, त्यांचीही शिक्षकसंख्या वर्गावर अवलंबून आहे. पण मुलाने आपला हिशेब आपण करावा.

दुसरा घोळ क्रेडिटचा. यूजीसीने २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आणली. शिकलेल्याचे क्रेडिट खात्यात जमा होतात, सात वर्षांपर्यंत टिकतात, एका विद्यापीठातून दुसरीकडे नेता येतात. यावरून आमच्याकडे एक मुलगा एसवायबीए झाल्यावर आला होता. म्हणाला, "सर, दोन वर्षांचे क्रेडिट आहेत, पाच वर्षांच्या बीए-एलएलबीला तिसऱ्या वर्षात घालतील ना?" त्याचं तर्कशास्त्र चुकीचं नव्हतं. पण कायद्याचं शिक्षण यूजीसीच्या या मोकळ्या आवारात येत नाही. नवं धोरणच सांगतं की वैद्यकीय आणि कायद्याचं शिक्षण उच्च शिक्षणाच्या नियोजित आयोगाच्या कक्षेबाहेर. तिथे बार कौन्सिलचा शब्द चालतो, आणि त्यांच्या २००८ च्या नियमांतला १३ वा नियम सरळ आहे: एकात्मिक अभ्यासक्रमात मधूनच आत घुसता येत नाही, मधूनच पदवी घेऊन बाहेरही पडता येत नाही. बीएची दोन वर्षं झालेली असोत की पूर्ण पदवी, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासूनच बसायचं.

तरी यात एक गंमत आहे, जी आम्हालाही कागदावर आकडे मांडल्यावरच दिसली. बारावीनंतर बीए तीन वर्षं आणि एलएलबी तीन, मिळून सहा. ज्याने एफवायबीए करून सोडलं आणि पाच वर्षांच्या लॉला गेला, त्याचेही एक अधिक पाच, सहाच. म्हणजे पहिल्या वर्षानंतर वाट बदलली तर वेळ वाया जात नाही, उलट पहिल्या दिवसापासून कायद्याच्या वातावरणात राहायला मिळतं. दुसऱ्या वर्षानंतर बदलली तर सात होतात. टीवायला पोचल्यावर तर विषयच संपला, पदवी घ्यावी आणि पुढे जावं. म्हणून वकिलीचं मनात असेल तर हा निर्णय एफवायच्या उन्हाळ्यातच करावा लागतो. पाच वर्षांच्या सीईटीला बारावीचे गुण बघतात, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के. वयाची भीती अजून काही पालक घालतात. बार कौन्सिलने मध्यंतरी पाच वर्षांसाठी वीस आणि तीन वर्षांसाठी तीस वर्षांची मर्यादा पुन्हा आणली होती, तिला सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये स्थगिती दिली.

आणखी एक सावधगिरी. एलएलबी चालू असताना सोबत एमए किंवा दुसरी कुठली पदवी करू, म्हणजे वेळ भरून निघेल, असं काहींना वाटतं. यूजीसीने २०२२ मध्ये दोन पदव्या एकदम करायला परवानगी दिली हे खरं. कायद्याला ते लागू समजू नये. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे एलएलबीबरोबर दुसरा नियमित अभ्यासक्रम चालत नाही, भाषेचे किंवा संगणकाचे छोटे वर्ग तेवढे चालतात. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी कॉलेजांना परिपत्रक काढून विद्यार्थ्यांकडून दुसरी पदवी, नोकरी, हजेरी, फौजदारी गुन्हा या सगळ्यांचं लिहून घ्यायला सांगितलं. पुढे सनद घ्यायच्या वेळी लपवलेली गोष्ट अंगाशी येऊ शकते.

आता पदवी लांबवणं कधी बरोबर ठरतं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आमचं म्हणणं एकतर्फी होईल.

एक म्हणजे ज्याचे टक्के खरोखरच उंबरठ्याच्या खाली अडकलेत. खुल्या प्रवर्गातला मुलगा, बेचाळीस-त्रेचाळीस टक्के. त्याला वकिलीचं दार बंद आहे, आणि पदवी एकदा त्या टक्क्यांवर शिक्कामोर्तब होऊन बाहेर पडली की ते उघडणं अवघड. अशा मुलाने शेवटच्या सत्रात घाईघाईने काठावर पास होण्यापेक्षा थांबून, आपल्या विद्यापीठाचा श्रेणीसुधाराचा नियम कार्यालयात विचारून, टक्के वर आणलेले बरे. इथेच दुसरी गोष्ट सांगतो. आपल्यातल्या अन्सारी, बागवान, कुरेशी, अत्तार, तांबोळी, मण्यार अशा कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांच्यासाठी उंबरठा ४२ चा आहे. पण जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर हे कागद हातात नसल्याने मुलगा खुल्यातून फॉर्म भरतो आणि ४३ टक्क्यांवर बाहेर राहतो. एक वर्ष थांबण्याऐवजी तीन महिने तहसील आणि पडताळणी समितीच्या चकरा मारल्या असत्या तर काम झालं असतं. आजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यात अर्धं आयुष्य जातं हे आम्हाला माहीत आहे. आमच्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये अशा किती आजोबांची नावं आम्ही धूळ झटकून काढून दिलीत.

दुसरी म्हणजे कमावत शिकणारी मुलं. रात्रपाळीला मागावर, दिवसा कॉलेज. सहा-सहा विषय एका सत्रात झेपत नाहीत, दोन राहतात, मग चार राहतात, मग कॉलेजच राहतं. यांच्यासाठी यूजीसीने नोव्हेंबर २०२४ मध्ये एक चांगली गोष्ट केली, जिच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं गेलं. विद्यार्थ्याला पदवीचा कालावधी वाढवून घेता येईल अशी योजना त्यांनी मंजूर केली. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी सांगायचं, दर सत्राला कमी क्रेडिट घ्यायचे, आणि पदवी जास्तीत जास्त दोन सत्रं उशिरा पूर्ण करायची. पदवीची किंमत नोकरीसाठी तीच राहते. यात तो विद्यार्थी नापास म्हणून मागे पडत नाही. तो ठरवून हळू चालतो, आणि त्याचं नाव हजेरीपटावर राहतं. ज्यांना लवकर संपवायचंय त्यांच्यासाठीही उलटी सोय आहे. प्रत्येक विद्यापीठाने, प्रत्येक कॉलेजने ती सुरू केली आहे असं समजू नका, कार्यालयात जाऊन विचारा. विचारणारे दहा जण झाले तर फाईल हलते.

आमचा एक विद्यार्थी या योजनेच्या कितीतरी आधी असाच हळू चालला. तेव्हा त्याला नियमाची साथ नव्हती. त्याने बीए पाच वर्षांत काढलं, दरवर्षी थोडं थोडं, अब्बांच्या आजारपणात माग सांभाळून. मग एलएलबी केलं. आज तो तालुक्याच्या कोर्टात काळा कोट घालून उभा राहतो. त्याने पदवी लांबवली ती सोडावी लागू नये म्हणून. आणि आमच्या या मुलीला लांबवायची होती ती टक्के सजवण्यासाठी. दोन्हीला 'एक वर्ष उशीर' असंच म्हणतात, पण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उशिराची किंमत आपल्या घरात काय पडते, यावर उघड बोललं जात नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवलं होतं की वीस वर्षांवरच्या मुस्लिमांत पदवीधर किंवा पदविकाधारक चार टक्क्यांपेक्षा कमी, देशाची सरासरी तेव्हा सात टक्क्यांच्या आसपास होती. त्यानंतर सुधारणा झाली, पण २०२०-२१ च्या उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीत पुन्हा धक्का बसला. मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या आधीच्या वर्षीच्या २१ लाखांवरून १९ लाखांच्या घरात आली. एकूण विद्यार्थ्यांत वाटा ४.६ टक्के, आणि लोकसंख्येत आपण १४ टक्क्यांच्या वर. कोविडचं वर्ष होतं हे मान्य. पण त्या वर्षी जे 'थोडे दिवस थांबले' त्यांतले किती परत आले? आमच्या वर्गातून गेलेल्या मुलांपुरतं आम्ही सांगू शकतो. मुलगे सूरतला गेले, गॅरेजला लागले, मोबाइलच्या दुकानात बसले. मुलींची लग्नं झाली.

मध्यमवर्गीय घरातला मुलगा एक वर्ष थांबतो तेव्हा ते वर्ष त्याच्यासाठी राखून ठेवलेलं असतं. क्लास, वाचनालय, आई दूध आणून देते. आपल्या घरात मुलगी एक वर्ष थांबली की पहिल्या तीन महिन्यांत रिश्ते यायला लागतात. कोणी वाईट मनाने करत नाही. "कॉलेज तो ख़त्म हो गया ना?" असं शेजारीण विचारते आणि विषय सुरू होतो. अब्बा इतका वेळ गप्प का होते, ते आम्हाला तेव्हा समजलं. त्यांनीच शेवटी सांगितलं. "सर, पढ़ती रही तो मैं सबको जवाब दे सकता हूं. घर बैठी तो मैं क्या बोलूंगा?" चौथीपर्यंत शिकलेल्या, मागावर चाळीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला जे दिसत होतं, ते क्लासवाल्याच्या व्हिडिओत नव्हतं.

थांबण्याचा आणखी एक धोका आम्ही आमच्याच पेशात भोगलाय. आम्ही बीएड केलं तेव्हा ते एका वर्षाचं होतं. आमच्याबरोबरचे काही जण 'पुढच्या वर्षी करू, आधी एमए संपवू' म्हणत राहिले. २०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालं. त्याच्या आधीच टीईटी आली होती. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नोकरीत असलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त शिल्लक असलेल्या शिक्षकांनाही टीईटी लावली. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे, तो वेगळा विषय. सांगायचं ते हे की आपण थांबतो, नियम थांबत नाहीत.

वकिलीतही तेच झालं. २० मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीसाठी तीन वर्षांची वकिली पाहिजे. त्याआधी आपल्या राज्यात चांगल्या गुणांचा नवा विधी पदवीधर थेट परीक्षेला बसू शकत होता. आता गणित बघा. अठराव्या वर्षी बारावी, एकविसाव्या वर्षी बीए, चोविसाव्या वर्षी एलएलबी, सनद, आणि तीन वर्षं कोर्टात. सत्ताविसाव्या वर्षी परीक्षेला बसण्याची पात्रता. त्यात एक वर्ष टक्क्यांसाठी, एक वर्ष ऑनर्ससाठी घातलं की एकोणतीस. मुलगा असला तरी जड, मुलीसाठी तर घरच्यांचा धीर इतका टिकवायचा म्हणजे काय ते आमच्या वाचकांना सांगायला नको. आणि सुरुवातीच्या त्या तीन वर्षांत ज्युनिअर वकिलाला सीनिअरकडून काय मिळतं? बहुतेकदा प्रवासखर्च. जे वर्ष पदवी लांबवण्यात घालवायचं, ते या तीन वर्षांसाठी वाचवून ठेवलं तर जास्त उपयोगी.

पैशांचंही थोडं. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ चं, सरकारी आहे आणि तिथली फी आजही काही हजारांत आहे. पुण्याचं आयएलएस १९२४ चं. चांगलं कॉलेज म्हणजे लाखांची फी असं नाही. चांगलं कॉलेज म्हणजे सीईटीत वरचे गुण. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आपल्या ज्या बिरादऱ्या ओबीसीत नाहीत त्यांच्या मुलींनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. सय्यद, पठाण, शेख घरांत हा दाखला असतो हेच कित्येकांना माहीत नाही. कॅप फेरी सोडून कॉलेजच्या पातळीवर प्रवेश घेतला तर ही सवलत हातची जाऊ शकते, तेव्हा घाईत कुठेही सही करू नका. सनदेचं शुल्कही सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये ताळ्यावर आणलं, खुल्या प्रवर्गाला ७५० रुपयांच्या वर घेता येत नाही. पूर्वी हजारो रुपये लागायचे.

निकालाची भीती तेवढी खरी आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने संगणकावर उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्महिने लटकले, त्यात कितीतरी मुलांचे पुढचे प्रवेश अडकले. विद्यापीठाचा उशीर आपल्या हातात नाही. आपण स्वतःहून त्यात भर घालू नये.

आमची मुलगी दोन्ही पेपर देणार आहे. उन्हाळ्यातली सीईटी ती देईल, आणि गुण कमी आले तर पुढच्या वर्षी पुन्हा देईल. ते वर्ष घरी बसून घालवायचं नाही, एमएच्या पहिल्या वर्षाला नाव घालून ठेवायचं आणि लॉला नंबर लागला की ते रीतसर रद्द करायचं, असं अब्बांनीच सुचवलं. रद्द केल्याचा कागद जपून ठेवा, एवढं आम्ही सांगितलं. जातीचा दाखला त्यांच्याकडे आहे, वैधता प्रमाणपत्र नाही. शनिवारी शाळेत येऊन ते आजोबांच्या नोंदीचा उतारा घेऊन गेले. १९५३ च्या रजिस्टरमध्ये नाव सापडलं, पण जातीच्या रकान्यात फक्त 'मुसलमान' लिहिलेलं आहे. आता आजोबांच्या थोरल्या भावाची नोंद शोधतो आहोत.